दारिद्र्य आणि स्वत्व

दारिद्र्यात माणूस स्वत्व गमावतो, हे आधुनिक लघुकथेने वारंवार दाखविले आहे. परंतु ते गमावल्याची जाणीव त्याला केव्हा होते? अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेत याचे उत्तर सापडते. वारणाकाठचा धिप्पाड भीमा मुंबईनजीकच्या खाणीत दगड फोडून सन्मानाने जगतो. खाण बंद पडते आणि तो प्रेते उकरून सोने शोधू लागतो. पत्नीला हे रुचत नाही. भीमा मात्र त्याचे निर्भयपणे समर्थनच करतो. अखेर प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटे त्याला गमवावी लागतात, आणि त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते. तेव्हा तो रडतो. ते अश्रू केवळ बोटांसाठी नव्हेत. परत आलेले काम आता पूर्वीसारखे करता येणार नाही, यासाठी आहेत. ही कथा शिकविताना भीमाच्या कृत्याआधी त्या बंद खाणीचा विचार व्हावा.