ऐतिहासिक नाट्यप्रयोगातील सैनिकी वेशभूषा : वापराच्या खुणा आणि वसईची मोहीम

बीजसंज्ञा : वेशभूषा, कपडेपट, झीज, वसईचा वेढा, प्रतिकृती

प्रस्तावना

वसई किल्ल्यातील विजयोत्सव असो वा मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवातील एकांकिका, १७३७ ते १७३९ ची वसई मोहीम हा या परिसरातील महाविद्यालयांचा आवडता नाट्यविषय आहे. संहितेवर आणि संवादफेकीवर महिनोन्महिने मेहनत घेतली जाते. वेशभूषा मात्र प्रयोगाच्या आदल्या दिवशी ड्रेसवाल्याकडून भाड्याने येते. परिणामी दोन वर्षे लढत असलेला मावळा इस्त्रीच्या घडीसह रंगमंचावर अवतरतो. हा दोष कोणी निदर्शनास आणून दिलाच, तर अंगरख्यावर चहाचे पाणी शिंपडून तो दूर केला जातो. असे केल्याने कपडा जुना दिसत नाही, केवळ डागाळलेला दिसतो. या दोहोंतील भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

झीज आणि मळ

मळ ही बाहेरून येऊन बसणारी गोष्ट आहे. झीज ही शरीर, शस्त्र आणि वस्त्र यांच्या सततच्या घर्षणातून निर्माण होते. म्हणूनच झिजेला ठरावीक जागा असतात. तलवार बहुधा डाव्या कुशीला लटकते, त्यामुळे अंगरख्याची डावी बाजू आणि शेल्याची तेथील कड आधी विरते. पाठीवर ढाल वाहणाऱ्याच्या खांद्यावर पट्ट्याची रेघ उमटते. घोडेस्वाराची विजार मांड्यांच्या आतल्या बाजूस झिजते, पायदळातील शिपायाची गुडघ्यांवर आणि काठाशी. बंदूकधाऱ्याच्या उजव्या खांद्यावर व बाहीवर दारूची काजळी असते आणि जळत्या जामगीच्या ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकेही असतात. उन्हाने खांदे आणि पाठ फिकी पडते, पण काखेत, चुण्यांत आणि कमरबंदाखाली मूळ रंग शिल्लक राहतो. सर्वत्र सारखा फिका झालेला अंगरखा जुना नव्हे, नुसता धुतलेला दिसतो.

यावरून एक साधा नियम निघतो. कपड्याला हात लावण्यापूर्वी पात्राचे काम ठरवावे. हा मनुष्य काय वाहतो, कशावर बसतो, कोणत्या हाताने काय करतो, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की पॉलिशपेपर कोठे फिरवायचा हे वेगळे सांगावे लागत नाही.

वसईचा विशेष

स्थळ आणि ऋतू यांचा विचार आपल्याकडे फारच थोड्या वेळा होतो. चिमाजी अप्पांनी वसईचा अखेरचा वेढा फेब्रुवारी १७३९ मध्ये घातला आणि मे महिन्यात किल्ला शरण आला. म्हणजे हे युद्ध ऐन उन्हाळ्यातील आहे. तरीही रंगमंचावर मावळ्यांच्या अंगावर तांबड्या चिखलाचे पट्टे दिसतात. तांबडी माती दक्षिण कोकणातील जांभ्याची. वसईच्या किनाऱ्यावर वाळू आहे आणि खाडीकाठी राखी-काळा गाळ. हा गाळ वाळल्यावर पांढुरका होतो व कडेला क्षाराची रेघ सोडतो. घामाच्या मिठाची अशीच पांढरी नक्षी पाठीवर व काखेभोवती उमटते. मराठ्यांनी येथे मोर्चे खणले, तटाखाली सुरुंग भरले. तेव्हा गुडघे, कोपर आणि तळहात यांची झीज या पात्रांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची ठरते.

पोर्तुगीज शिबंदीचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. शरणागतीच्या तहानुसार तिला सन्मानाने, शस्त्रांसह बाहेर पडू देण्यात आले. या प्रसंगी सैनिकांचे कपडे विरलेले, ठिगळ लावलेले, पण झटकून साफ केलेले असावेत. पट्टे जुने, तरी पुसलेले. झीज आहे आणि मळ नाही, अशा त्या एका दृश्यात पराभूतांचा ताठा संवादाविना दाखविता येतो. येथे चहाचे पाणी वापरणारा दिग्दर्शक हा प्रसंगच गमावून बसतो.

कृती

कापड शंभर टक्के सुती असावे. पॉलिस्टर असल्यास त्यावर कात, चहा वा हिरडा यांचा रंग नीट धरत नाही आणि कडाही सुतासारख्या विरत नाहीत. शंका असल्यास एक धागा जाळून पाहावा. वितळून मणी झाला तर तो कपडा बाजूला ठेवावा.

क्रम असा : प्रथम आकार, मग झीज, मग फिकेपणा, शेवटी मळ. खळ काढण्यासाठी दोनतीनदा धुवून ओला कपडा नटाच्याच अंगावर वाळू द्यावा. कोपर व गुडघ्यांची पोक त्यातून येते. नंतर ठरलेल्या जागी पॉलिशपेपर, कानस किंवा जुनी किसणी चालवावी. रंगासाठी काताचे पाणी पुरते. हिरड्याच्या काढ्यात लोहाचा अंश उतरविल्यास काळपट राखी छटा मिळते, मात्र लोहाने सूत कालांतराने कमकुवत होते, म्हणून ती अनेक प्रयोगांच्या कपड्यावर बेतानेच वापरावी. धुळीसाठी मुलतानी मातीइतकी सोयीची वस्तू नाही. ठिगळे अगदी शेवटी आणि नटाकडूनच शिवून घ्यावीत. शिंप्याचा टाका फार सुबक पडतो. कपड्याचा रंग उडविणारे ब्लीच सुती कपड्यावर पातळ करून चालते, रेशीम व लोकर मात्र त्याने नष्ट होते. ब्लीचमध्ये व्हिनेगर वा अन्य आम्ल कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

किती झीज दाखवावी, हे अंतरावर अवलंबून आहे. दहाव्या रांगेला पुसटसे काही दिसत नाही, तेथे फिका व गडद यांतील फरक वाढवावाच लागतो. कॅमेऱ्यापुढे तोच फरक नाटकी वाटतो. कोल्हापूरच्या भानू अथैय्या यांना ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळाले, ते जॉन मोलो यांच्यासमवेत. मोलो हे सैनिकी गणवेशांच्या इतिहासाचे जाणकार होते. गणवेश हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय मानला जातो, हे त्यावरून ध्यानात यावे.

प्रतिकृतीचा धोका

धातूच्या वस्तूंबाबत आणखी एक जबाबदारी येते. मिठाच्या पाण्याने गंजविलेली आणि उंचवट्यांवर घासून उजळ केलेली तलवार काही महिन्यांत अस्सल वाटू लागते. नाट्यमंडळ बदलते, विद्यार्थी पदवी घेऊन जातात, आणि तीच तलवार पुढे कोणाच्या तरी दिवाणखान्यात ‘पेशवेकालीन’ म्हणून टांगली जाते. गावोगावी खाजगी संग्रह तयार होत असताना ही शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही. उलट बाजूने, घरातील खरी जुनी तलवार वा ढाल प्रयोगासाठी मागून आणणे आणि ती ‘आणखी जुनी दिसावी’ म्हणून घासणे हा तर अक्षम्य प्रकार होय. यासाठी प्रत्येक प्रतिकृतीवर मुठीखाली किंवा म्यानाच्या आत महाविद्यालयाचे नाव व निर्मितीचे वर्ष कोरून घ्यावे, आणि तीच नोंद कपडेपटाच्या वहीत छायाचित्रासह ठेवावी. अंगरख्यांच्या बाबतीत आतल्या शिवणीवर न पुसणाऱ्या शाईने वर्ष लिहिले तरी पुरे.