छतावरील उन्हाचा जमाखर्च

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर हे गाव भगवान मल्लिनाथांच्या दिगंबर जैन मंदिरामुळे दूरदूरच्या यात्रेकरूंना परिचित आहे. परंतु मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणेच या गावाच्याही वाट्याला प्रखर उन्हाचे जे वैभव आले आहे, त्याचा घरगुती उपयोग करून त्याची रीतसर नोंद ठेवण्याची व्यवस्था मात्र अगदी अलीकडची आहे. अडचण अशी, की सूर्य माथ्यावर असतो त्या वेळी घरातील कर्ती माणसे शेतात किंवा दुकानात आणि मुले शाळेत असतात, आणि दिवे, पंखे, शेगडी यांची खरी निकड लागते ती सूर्य मावळल्यानंतर. दुपारची वीज रात्रीसाठी राखून ठेवावी तर बॅटरीचा खर्च सामान्य कुटुंबास परवडत नाही. नेट मीटरिंग या पद्धतीचे मर्म हेच, की बॅटरीचे काम महावितरणच्या जाळ्याकडे सोपवले जाते.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१५ साली यासाठी प्रथम विनियम केले आणि २०१९ साली ते नव्याने जारी केले. त्यांनुसार ग्राहकाच्या घरी दोन्ही दिशांची वीज मोजणारा मीटर बसतो: जाळ्यातून घरात आलेले युनिट म्हणजे आयात, आणि घरातून जाळ्यात गेलेले युनिट म्हणजे निर्यात. अडत्याच्या वहीत शेतकऱ्याची जमा आणि उचल समोरासमोर लिहिली जावी तसे हे खाते असते. भेद इतकाच, की येथील हिशेब रुपयांत नसून युनिटांत असतो, आणि म्हणूनच दुपारी दिलेल्या एका युनिटाच्या बदल्यात रात्री पूर्ण एक युनिट परत मिळते.

एक उदाहरण घेऊ. चांगल्या उन्हात एक किलोवॉट क्षमतेचे पॅनेल दिवसाकाठी सुमारे ४ युनिट वीज देते; त्या मानाने तीन किलोवॉटचा संच महिन्याला ३६० युनिट निर्माण करील. त्यांपैकी १४० युनिट दिवसा घरातच खर्च झाले, तर जाळ्यात २२० गेले. रात्री जाळ्यातून १६० घेतले, म्हणजे ६० युनिट शिल्लक राहून पुढील महिन्याच्या खात्यात ओढले गेले. पावसाळ्यात आभाळ भरून आले आणि निर्यातीपेक्षा आयात ५० युनिटांनी वाढली, तरी तेवढी वजावट त्या शिलकीतून होऊन १० युनिट उरतात. पुष्कळ ग्राहकांचा गोंधळ होतो तो येथे: निर्मितीच्या मीटरवर ३६० दिसतात आणि बिलावर निर्यात २२०च का, अशी विचारणा ते करतात. उरलेले १४० युनिट कोठेही गहाळ झालेले नसतात. ते घरातच वापरले गेल्यामुळे नेट मीटरपर्यंत पोहोचलेलेच नसतात.

या खात्याची मुदत आर्थिक वर्षाची असते. ३१ मार्चला जी शिलकी युनिटे उरतील ती आयोगाने मंजूर केलेल्या दराने महावितरण विकत घेते, आणि तो दर आपण विजेसाठी मोजतो त्याच्या मानाने बराच कमी असतो. यास्तव गरजेहून मोठा संच बसवून वीजविक्रीतून उत्पन्न मिळवण्याची आशा धरणे हितावह नाही. वर्षभराची बिले समोर ठेवून, आपल्या खपाइतकाच आणि मंजूर भाराच्या मर्यादेतील संच घेणे हेच शहाणपणाचे. शिवाय वापर शून्यावर आला तरी स्थिर आकार भरावाच लागतो, ही गोष्ट विक्रेत्याने न सांगितल्यास ग्राहकाने स्वतः विचारून घ्यावी.

आणखी एक बाब ग्रामीण भागात विशेष महत्त्वाची आहे. लाइट गेली की छतावरचा हा संचही भर दुपारी बंद पडतो. हा दोष नसून योजनापूर्वक केलेली सुरक्षितता आहे. कारण तार दुरुस्त करण्यासाठी खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हाती आपल्या छतावरील वीज उलट जाऊन पोहोचली, तर त्याचे प्राण जातील. तसेच शिवारातील सौर कृषिपंप पाहून नेट मीटरिंगची कल्पना करू नये. तो पंप जाळ्याशी जोडलेला नसल्याने त्याची जादा वीज कोणाच्याही खात्यात जमा होत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेने छतावरील घरगुती संचासाठी पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट वा अधिक क्षमतेस एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरवले. त्याच वर्षी ग्राहकहक्कांच्या केंद्रीय नियमांत दुरुस्ती होऊन दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जांस तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची अट उरली नाही.

तथापि युनिटास युनिट हा न्याय चिरस्थायी आहे असे समजू नये. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२३पासून नव्या ग्राहकांना तो नाकारून निर्यातीस कमी मोल देणारी पद्धत स्वीकारली. आपल्याकडेही २०१९च्या विनियमांच्या मसुद्यात या सवलतीस मर्यादा घालण्याचा विचार होता. हरकती व सूचनांनंतर आयोगाने नेट मीटरिंग कायम ठेवले. जाळे सांभाळण्यास खर्च येतो हे वीज कंपन्यांचे म्हणणे खोटे नाही. पण ज्याने बचत मोडून किंवा कर्ज काढून दोन-तीन किलोवॉटचा संच उभारला, त्या लहान ग्राहकाच्या बाबतीत हा न्याय अबाधित राहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून आयोग जेव्हा जेव्हा नवा मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवील, तेव्हा शिरड शहापूरसारख्या गावांतील ग्राहकांनी आपले बिल पुढे घेऊन, आपल्या मराठीत, मुदतीच्या आत आपले म्हणणे आयोगाकडे अवश्य पाठवावे.