उत्तर आलं, पण कशावरून?

संख्यात्मक पद्धती शिकताना सॉफ्टवेअर हाताशी दिलं की मुलं आळशी होतात, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण क्ष³ − २क्ष + २ = ० हे समीकरण न्यूटन-रॅफसन रीतीने सोडवून पाहा. सुरुवात ० पासून केली, तर पुढची किंमत १ येते, मग ०, पुन्हा १. घाण्याचा बैल फिरतच राहतो. सुरुवात −२ पासून करा, तिसऱ्या फेरीत −१.७६९३ हाती लागतं. कागदावर एकच सुरुवात धरून थांबणाऱ्याला हा फरक क्वचितच दिसतो. सॉफ्टवेअरवर दहा सुरुवाती क्षणात तपासता येतात. पहिल्या दोन फेऱ्या हाताने कराव्यात, हे मात्र मान्यच.

राहिला खर्चाचा प्रश्न. जबलपूर जिल्ह्यातल्या पाटनसारख्या तहसिलीच्या गावी मॅटलॅबसारखं महागडं सॉफ्टवेअर कोण घेणार? त्याच कामाचं सायलॅब फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटही लागत नाही. मुंबईच्या आयआयटीतल्या ‘फॉसी’ प्रकल्पाने त्याचा प्रसार केला. पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं विद्यार्थ्यांकडूनच सायलॅबमध्ये लिहून घेतली. तिथल्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’चे पाठ भारतीय भाषांतही मिळतात. अडचण आता पैशांपेक्षा परीक्षेची आहे: पेपरात अजून कॅल्क्युलेटरवरची आकडेमोडच विचारली जाते.