विमाविरहितांची आरोग्यसेवा
विमाविरहितांची आरोग्यसेवा : आजारपणाचा खर्च भागविणारे कोणतेही विमासंरक्षण नसलेल्या व्यक्तींना वैद्यकीय उपचार मिळण्याचा प्रश्न. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ च्या आपल्या अहवालात मांडले होते. प्रत्यक्षात १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा अधिनियमाचा लाभ मुख्यत्वे संघटित क्षेत्रातील कामगारांना मिळाला. शेतमजूर, बांधकाम कामगार, घरकामगार इ. त्याबाहेरच राहिले. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भागातील सु. ८६ टक्के व शहरी भागातील सु. ८१ टक्के लोकांना आरोग्यखर्चाचे कोणतेही संरक्षण नव्हते.

प्रमुख अडथळा खर्चाचा असतो. याच पाहणीत रुग्णालयातील एका वास्तव्याचा सरासरी वैद्यकीय खर्च (प्रसूती वगळून) शासकीय रुग्णालयात सु. ४,५०० रु., तर खाजगी रुग्णालयात सु. ३२,००० रु. आढळला. शासकीय सेवा अल्पमूल्य असली, तरी बाहेरून आणावी लागणारी औषधे, प्रवास, सोबतच्या नातेवाइकाचा खर्च आणि बुडालेली मजुरी यांचा भार कुटुंबावरच पडतो. त्यामुळे उपचार लांबणीवर टाकले जातात. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या विकारांत औषधे मध्येच बंद केली जातात. रोग बळावल्यावर खर्च वाढतो आणि तो भागविण्यासाठी कर्ज काढणे वा जनावरे, दागिने, जमीन विकणे भाग पडते.

अपघातग्रस्तास तातडीचे उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये दिला. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवणे बंधनकारक आहे. तथापि या तरतुदीची माहिती नसणे आणि उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका यांसारखी कागदपत्रे वेळेवर न मिळणे, यांमुळे पात्र रुग्णही तिला मुकतात.

महाराष्ट्रात २०१२ साली सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेस २०१७ मध्ये महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. २०१८ मध्ये केंद्र शासनाने पात्र कुटुंबांसाठी वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणाची योजना सुरू केली. या योजनांचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. बाह्यरुग्ण तपासणी व दीर्घकाळ घ्यावी लागणारी औषधे यांचा खर्च बहुतांशी रुग्णालाच करावा लागतो. म्हणून विमायोजनेबरोबरच घराजवळ प्राथमिक आरोग्य केंद्र, तेथे डॉक्टर आणि पुरेसा औषधसाठा असणे आवश्यक ठरते.