पेन्सिलीचा आकडा

"खालची कोरी पट्टी कापून टाका, फ्रेम स्वस्तात बसेल," असं कुणी म्हणालं की मी आधी त्याच्या हातात भिंग देतो. नगरमध्ये माझं फ्रेमचं दुकान आहे. परवा एक वकीलसाहेब हुसेनचा सेरिग्राफ घेऊन आले: बिनचेहऱ्याची मदर तेरेसा, निळ्या काठाची साडी. खाली पेन्सिलीनं 41/100 आणि सही. म्हणजे शंभरच प्रती, त्यातली ही एक. ती पट्टी कापली की उरतं नुसतं कॅलेंडर!

सेरिग्राफ म्हणजे मोठं कोडं नाही. आपले लग्नपत्रिकावाले करतात तेच स्क्रीन प्रिंटिंग, पण प्रत्येक रंगाला वेगळी जाळी. छापतात कारागीर, चित्रकार नमुना पाहून होकार देतो. भिंगाखाली साध्या पोस्टरवर रंगीत ठिपके दिसतात. इथं सहसा शाईचा सलग थर दिसतो.

"आकडा लहान तर भाव जास्त का हो?" साहेबांनी विचारलं. तांब्याच्या पत्र्यावर सुईनं ओरखडून केलेल्या ड्रायपॉइंटमध्ये त्याला अर्थ आहे. रेघेच्या कडेला उठलेली धातूची कोर दाबानं झिजते, म्हणून सुरुवातीच्या प्रती मखमली येतात. जाळीच्या छपाईत तसं काही नाही. आकडे छपाईच्या क्रमानं पडतात असंही नाही. तिथं 3 साठी 70 पेक्षा जास्त पैसे मोजणं मला तरी पटत नाही. 'ए.पी.' असेल तर ती चित्रकारानं स्वतःसाठी राखलेली प्रत.

राजा रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला तो उलट हेतूनं, देव घरोघरी जावेत म्हणून. तिथं प्रतींना मर्यादा नव्हती. जुन्या वाड्यांतून त्या लक्ष्म्या, सरस्वत्या माझ्याकडे येतात, काहींच्या साडीवर जर आणि टिकल्या चिकटवलेल्या. पण छापखान्याचं नाव असलेली खालची पट्टी बहुतेकदा कुणीतरी फ्रेमच्या मापासाठी उडवलेली. आमच्याच धंद्यातल्या लोकांचं हे काम.

साहेबांचा कागद मी हार्डबोर्डला डकवला नाही. वरच्या कडेला गव्हाच्या खळीनं जपानी कागदाच्या दोन पट्ट्या लावून टांगता ठेवला, आम्लरहित माउंट घातला, काच कागदाला टेकू दिली नाही. पश्चिमेची भिंत मात्र नको म्हटलं. मार्च-एप्रिलमधलं आपलं ऊन निळा काठ खाऊन टाकेल.

हल्ली कम्प्युटरवरून काढलेल्या प्रिंटवरही आकडा घालून विकतात. घ्यायला हरकत नाही, फक्त बिलावर 'सेरिग्राफ' लिहून देता का, ते दुकानदाराला विचारा.