टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे नेमकं काय? फायबर आल्यावर त्याचं काय होणार?

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं टेलिफोनवर का बोलावं, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. पण सध्या आपल्या सांगोल्यासारख्या तालुक्याच्या गावांत जे घडतंय, त्यात एक जुना तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, की रथ म्हणजे नक्की काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? एकेक भाग बाजूला काढत गेलं, की रथ नावाची वेगळी वस्तू हाताला लागत नाही. आपले नैयायिक मात्र म्हणतात, अवयवांहून अवयवी वेगळा असतो. म्हणजे भागांच्या बेरजेपेक्षा अखंड वस्तू काहीतरी जास्त असते.

आता रथाच्या जागी टेलिफोन एक्स्चेंज ठेवा. फायबर आलं, की एक्स्चेंजचे भाग एकेक करून सुटे होतात. मग शेवटी काय उरतं, ते आज बघू.

आधी भाग मोजू. एक्स्चेंज चार कामं करत आलं. पहिलं, जोडणी. तुमचा फोन कुणाच्या फोनला जोडायचा हे ठरवणं. मुंबईत १८८२ साली एक्स्चेंज सुरू झालं, तेव्हा हे काम माणसं हातानं करत होती. पुढे यंत्रं आली. दुसरं, तारा गोळा करणं. प्रत्येक घरातून तांब्याच्या दोन तारा निघायच्या आणि एक्स्चेंजमधल्या एका मोठ्या लोखंडी चौकटीवर येऊन बसायच्या. तिसरं, वीज. हे फार कमी लोकांच्या लक्षात असतं. घरातली वीज गेली तरी जुना फोन चालायचा, तो कसा? त्याला लागणारी वीज एक्स्चेंजमधून त्याच तारेतून यायची. दोन-दोन व्होल्टच्या चोवीस बॅटऱ्या एका ओळीत जोडल्या, की ४८ व्होल्ट होतात. त्या खोलीतली बॅटरी म्हणजे साऱ्या गावाची सामाईक बॅटरी होती म्हणा ना. आणि चौथं, दुरुस्ती. १९८ नंबर फिरवला की तक्रार नोंदली जायची, आणि लाइनमन खांबावर चढायचा. उशिरा का होईना, चढायचा.

आता एक्स्चेंज गावोगावी का लागत होतं? तांब्याच्या तारेला अंतराची मर्यादा असते. तारेवरून ब्रॉडबँड द्यायचं तर चार-पाच किलोमीटरनंतर वेग पार मंदावतो. शिवाय प्रत्येक घराला स्वतंत्र जोडी लागते, म्हणजे लांबून आणायचं तर तांबंही बेसुमार लागणार. म्हणून १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेनं खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचं छोटं एक्स्चेंज बनवलं. वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हात चालेल असं. त्यातलं पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. खेड्यातल्या एका साध्या खोलीत ते मावायचं. देशात खेडोपाडी फोन पोहोचला तो मोठ्या प्रमाणात या छोट्या पेटीमुळे.

फायबरचं गणित याच्या उलटं आहे. फायबर म्हणजे केसासारखी बारीक काच. तीतून प्रकाश जातो. घरोघरी देण्याच्या नेहमीच्या पद्धतीत एका तंतूच्या फांद्या करून ३२ किंवा ६४ घरांना जोडता येतं, आणि वीस किलोमीटरपर्यंत मध्ये कुठंही वीज लागत नाही. वीस किलोमीटर! म्हणजे सांगोल्यातल्या एका कपाटातून तालुक्याचा केवढा तरी भाग सांभाळता येईल. मग मधल्या छोट्या एक्स्चेंजचं प्रयोजनच संपतं.

पण इथं एक गंमत आहे. खेड्यातलं एक्स्चेंज अशक्त होतं, तेव्हा तालुक्याचं एक्स्चेंज जास्त महत्त्वाचं होतं. ग्रामपंचायतींना फायबरनं जोडायची योजना केंद्रानं २०११ मध्ये मंजूर केली, तिलाच पुढे भारतनेट म्हणू लागले. तिच्या पहिल्या रचनेत तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये मुख्य यंत्र आणि तिथून एकेका ग्रामपंचायतीकडे जाणारी सरळ रेषा होती. सरळ रेषेचा दोष तुम्हाला ठाऊक आहे. रस्ता रुंद करताना जेसीबीनं एका ठिकाणी केबल तोडली, की पुढची सगळी गावं बंद. म्हणून २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत वर्तुळाची रचना आहे. एका बाजूनं तुटलं तर दुसऱ्या बाजूनं फिरून जायचं. विहिरीला दोन वाटा असाव्यात तसं.

आता नागसेनाकडे परत येऊ, आणि ती चार कामं कुठं गेली ते पाहू.

जोडणी दूरच्या शहरातल्या संगणकावर गेली. पूर्वी सोलापूरकडची लाइन तुटली तरी गावातल्या गावात फोन लागायचा, कारण जोडणारं यंत्र गावातच होतं. नव्या बहुतेक रचनांत शेजारच्या गल्लीतला फोनसुद्धा लांबच्या यंत्राला विचारून लागतो. तारा गोळा करायची चौकट एका कपाटात मावली. दुरुस्ती बऱ्याच ठिकाणी स्थानिक केबलवाल्यांकडे, खाजगी भागीदारांकडे गेली. भारत संचार निगममधून ३१ जानेवारी २०२० रोजी सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच योजनेत स्वेच्छेनं निवृत्त झाले, हेही त्यात धरा.

आणि वीज? ती तुमच्या-माझ्या घरात आली. काचेतून प्रकाश येतो, पण फोन चालवायला लागणारी वीज येत नाही. म्हणून भिंतीवर लावलेल्या त्या पांढऱ्या डबीला आपल्या घरातली वीज लागते. घरातली लाइट गेली, की डबी बंद आणि फोनही बंद. भारनियमन भोगलेल्या आपल्या भागाला हे वेगळं सांगायला नको. 'मोबाइल आहे की!' असं कुणी म्हणेल. पण मोबाइलच्या टॉवरलाही बॅटरीची मर्यादा असते, आणि बरेच टॉवर याच फायबरवर अवलंबून असतात. केबल तुटली तर दोन्ही जायची शक्यता आहे.

हा प्रश्न फक्त आपल्यापुढे नाही. ब्रिटनमध्ये जुनं टेलिफोनचं जाळं डिसेंबर २०२५ पर्यंत बंद करायचं ठरलं होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची मदतीसाठी दाबायची बटणं त्याच तारांवर चालतात, त्यांचा प्रश्न पुढे आला, आणि मुदत जानेवारी २०२७ पर्यंत वाढवावी लागली. तिथल्या नियामकानं असंही सांगितलंय, की जे केवळ लँडलाइनवरच अवलंबून आहेत त्यांना वीज गेल्यावर निदान एक तास तातडीचा फोन करता येईल अशी सोय कंपनीनं द्यावी. म्हणजे बॅटरी घरात आली, तरी तिची जबाबदारी सगळी घरावर टाकली नाही.

मला फायबरला विरोध करायचा नाही. मुलांचा अभ्यास, डाळिंबाचे बाजारभाव, दवाखान्याचं काम, सगळ्याला ते हवंच आहे. तांब्याचे दिवस परत येणार नाहीत, आणि यावेत असंही नाही. पण एक्स्चेंजचे सगळे भाग नव्या जागी पोहोचले, तरी एक गोष्ट यंत्रांच्या यादीत कुठं नव्हतीच. ती म्हणजे उत्तरदायित्व. फोन बंद पडला तर कुठं जायचं, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. नैयायिकांचा अवयवी मला तिथं दिसतो. भाग हलवता येतात. उत्तरदायित्व मात्र आपोआप हलत नाही, ते कुणाकडे तरी ठरवून द्यावं लागतं.

म्हणून तुमच्या गावात फायबर येईल, तेव्हा ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. एक, ग्रामपंचायतीतल्या आणि दवाखान्यातल्या यंत्राला वीज गेल्यावर किती तास बॅटरी पुरेल, आणि ती बदलायचा खर्च कुणाचा? दोन, आपल्या गावाला वर्तुळाची जोडणी आहे की सरळ रेषेची? तीन, केबल तुटली तर कोण येणार, किती तासांत, आणि नाही आला तर तक्रार कुणाकडे? घरी म्हातारं माणूस एकटं असेल, तर त्या डबीला छोटा यूपीएस लावून घ्या. तेवढं आपल्या हातातलं आहे.

या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी मिळवा आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. एक्स्चेंजची खोली उद्या रिकामी झाली, तरी कुठं जायचं हे गावाला तिथं वाचता येईल.