घरच्या संगणकातला हेर

घरात संगणक बहुधा एकच असतो आणि तो सर्वांचा असतो. वडील त्यावर बँकेचे व्यवहार पाहतात, आई विजेचे बिल भरते, मुलगा गेम खेळतो. गेममध्ये सहज जिंकता यावे म्हणून मुलाने कुठूनशी एक फुकटची 'चीट' फाइल उतरवून घेतली, की वडिलांचे पासवर्ड तिऱ्हाइताच्या हाती पडू शकतात. हे काम करणाऱ्या प्रोग्रॅमना 'स्पायवेअर' म्हणतात. ते सहसा काही बिघडवत नाही. गुपचूप पाहत राहते आणि पाहिलेले धन्याला कळवते. म्हणूनच ते उशिरा लक्षात येते.

वीस-बावीस वर्षांपूर्वीचे बरेचसे स्पायवेअर आजच्या मानाने भाबडेच म्हणायचे. 'गेटर'सारखे प्रोग्रॅम मोफत सॉफ्टवेअरसोबत संगणकात शिरत आणि वापरकर्ता कोणती संकेतस्थळे पाहतो ते हेरून जाहिराती दाखवत. २००५ मध्ये तर सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीच संगणकात लपून राहणारा प्रोग्रॅम बसवत असल्याचे उघड झाले. कंपनीला त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या.

आजच्या हेराला जाहिरातींत रस नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि 'कुकी' तो काही क्षणांत गोळा करून पाठवून देतो. आपण एकदा लॉग-इन केले, की संकेतस्थळ ओळखीची खूण म्हणून एक कुकी संगणकात ठेवते. ती खूण चोरली, तर अनेक ठिकाणी पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही विचारला जात नाही. 'लुमा' हा असाच एक प्रोग्रॅम. १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत त्याने ग्रासलेले ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज संगणक मायक्रोसॉफ्टला आढळले होते.

तो शिरतो कसा? चोरीच्या सॉफ्टवेअरमधून आणि विंडोज फुकटात 'अॅक्टिव्हेट' करून देणाऱ्या प्रोग्रॅममधून, हे मार्ग जुनेच. २०२४ पासून एक नवी युक्ती फोफावली आहे. 'तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा' असा चौकोन पडद्यावर येतो आणि विंडोजची कळ व 'आर' एकत्र दाबा, मग कंट्रोल व 'व्ही', मग एंटर, अशी सूचना मिळते. वापरकर्ता निमूटपणे तसे करतो आणि पानाने आधीच नकलून ठेवलेली आज्ञा स्वतःच्याच हाताने चालवतो. कोणतेही प्रामाणिक संकेतस्थळ असे करायला सांगत नाही. घरातल्या प्रत्येकाला एवढे एक जरी ठाऊक असले, तरी पुष्कळ झाले.

सर्वांत उपयोगी, पण सर्वांत दुर्लक्षित उपाय फुकट आहे. विंडोजमध्ये प्रत्येकाचे वेगळे खाते उघडावे आणि मुलांचे खाते 'स्टँडर्ड' प्रकारचे ठेवावे. अशा खात्यात शिरलेल्या हेराला प्रशासकाचा पासवर्ड मिळाल्याखेरीज वडिलांच्या खात्यातला ब्राउझर सहसा उघडता येत नाही. अर्थात मुलाने विचारताच तो पासवर्ड सांगून टाकला, तर सगळेच मुसळ केरात.

अँटिव्हायरस हवाच, मात्र सतत पहारा देणारा एकच. दोन बसवल्यास ते एकमेकांच्या पायांत येतात. विंडोजमधला 'डिफेंडर' घरगुती वापरासाठी चांगला आहे. विकतचा हवा असल्यास पुण्याच्या क्विक हीलसारखे पर्याय आहेत. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेले 'सायबर स्वच्छता केंद्र' सफाईची साधने मोफत देते. मात्र 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे' असे ओरडत ब्राउझरमध्ये उघडणारी खिडकी स्वतःच सापळा असू शकते. ती सरळ बंद करावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्यावर अजून काम करणाऱ्यांनी तात्पुरत्या मुदतवाढीची नोंदणी तरी करावी, नाहीतर विंडोज ११ कडे वळावे.

शंका आलीच, तर पहिले काम इंटरनेट तोडण्याचे. अनेकजण घाबरून त्याच संगणकावर पासवर्ड बदलत बसतात, म्हणजे नवा पासवर्डही हेराला आयता मिळतो. पासवर्ड दुसऱ्या, खात्रीच्या यंत्रावरून बदलावेत. आधी ई-मेलचा, मग बँकेचा. त्यासोबत 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' हा पर्यायही वापरावा, म्हणजे चोरलेल्या कुकी बहुतेक ठिकाणी निरुपयोगी ठरतात. पैसे गेले असतील, तर बँकेला कळवून १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. संगणकाची सफाई त्यानंतर केली तरी चालते.